कंडेन्स्ड डिस्प्ले फॉन्ट: स्वभाव ओळखा, मग कामाला लावा

कंडेन्स्ड, म्हणजे नेहमीपेक्षा अरुंद अक्षरांचा फॉन्ट जागा वाचवतो, असं सगळीकडे सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. समजा, एका स्तंभाची रुंदी ६०० पिक्सेल आहे आणि नेहमीच्या रुंदीच्या फॉन्टमध्ये तुमचा मथळा ४८ पिक्सेलला तिथे एका ओळीत काठोकाठ बसतो. आता त्याच्या ६० टक्के रुंदीचा फॉन्ट घ्या. तोच मथळा त्याच ओळीत ८० पिक्सेलला बसतो. जागा तेवढीच राहिली, अक्षर मात्र दीडपटीहून उंच झालं. अरुंद अक्षराची खरी कमाई ही उंची आहे.

म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एक प्रश्न विचारत राहा: फॉन्ट बदलल्यावर अक्षर मोठं झालं का? झालं नसेल आणि त्याच आकारात आणखी चार शब्द कोंबले गेले असतील, तर फॉन्ट चुकीच्या कामाला जुंपला आहे. त्यापेक्षा साधा फॉन्ट ठेवून शब्द कमी केलेले बरे.

'डिस्प्ले' म्हणजे लांबून दिसणारं, थोड्या शब्दांसाठीचं, मोठ्या आकारातलं अक्षर. पडद्यावर २४ पिक्सेलच्या खाली असा फॉन्ट वापरायची वेळ आली, तर मी थांबतो आणि दुसरा शोधतो.

हे अक्षर आलं कुठून

एकोणिसाव्या शतकात जाहिरातींची भित्तिपत्रकं वाढली, तशी मोठ्या अक्षरांची मागणी वाढली. शिशाचे मोठे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जड आणि महाग पडत. १८२७ साली न्यूयॉर्कमध्ये डॅरियस वेल्स यांनी राउटरने, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या यंत्राने, लाकडी खिळे मोठ्या प्रमाणावर कापायची पद्धत आणली. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी त्याला पँटोग्राफची, म्हणजे नमुना गिरवून तोच आकार उतरवणाऱ्या साधनाची, जोड दिली. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यापुढची अडचण साधी होती: पत्रकाची रुंदी ठरलेली, शब्दांची लांबी मात्र कमीजास्त. मग छोटा शब्द रुंद खिळ्यांत, लांबलचक शब्द अरुंद खिळ्यांत, आणि प्रत्येक ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेली. त्या काळातल्या पोस्टरवर एकाच पानात पाचसहा रुंदींची अक्षरं दिसतात, त्यामागे हौसेपेक्षा हा हिशेब जास्त आहे.

आज आपण वापरतो त्यातल्या बऱ्याच अरुंद लॅटिन फॉन्टची वंशावळ १९०३ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी मॉरिस फुलर बेंटन यांनी अमेरिकन टाइप फाउंडर्स कंपनीसाठी 'ऑल्टरनेट गॉथिक' तीन रुंदींत काढला. त्यातला पहिला क्रमांक सर्वांत अरुंद. 'लीग गॉथिक' हा मुक्त फॉन्ट म्हणजे त्याच पहिल्या क्रमांकाचं पुनरुज्जीवन. व्हर्नन ॲडम्स यांचा 'ओस्वाल्ड' याच परंपरेचं अक्षर वेबसाठी नव्याने बेतून तयार झाला. र्योइची त्सुनेकावा यांचा 'बेबास नॉय' दिसायला याच घराण्यातला वाटतो, पण मुळात फक्त कॅपिटल अक्षरांचा.

दुसरं घराणं युद्धोत्तर युरोपातलं, जाड आणि दाट. स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेटेनश्वायलर यांचा 'श्मालफेटे ग्रोटेस्क' १९५४ चा, लेट्रासेट कंपनीचा 'कॉम्पॅक्टा' १९६३ चा, आणि जेफ्री ली यांनी इंग्लंडच्या स्टीफन्सन ब्लेक कंपनीसाठी केलेला 'इम्पॅक्ट' १९६५ चा. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये वेबसाठी जे मोजके फॉन्ट मोफत वाटले, त्यांत 'इम्पॅक्ट' होता. तो जवळपास प्रत्येक संगणकावर पोचला आणि काळ्या कडेच्या पांढऱ्या अक्षरांत मीमचा अधिकृत आवाज होऊन बसला. आता गंभीर कामात तो वापरला, तर वाचकाला आधी विनोद आठवतो. फॉन्ट वाईट नाही; पण त्याला चिकटलेली ओळख पुसता येत नाही, हे निवडताना धरून चाला.

पायरी १: जागेचा आकार पाहा

फॉन्टची यादी उघडण्याआधी जागा मोजा. ती उभी आहे की आडवी? वर्तमानपत्राचा एकच स्तंभ, उभं पोस्टर, पुस्तकाचं मुखपृष्ठ, मोबाइलचा पडदा, दारावरचा उभा फलक या जागांना अरुंद अक्षर मानवतं, कारण रुंदी कमी आणि उंची भरपूर असते. उलट वेबपानाच्या माथ्यावरची लांबट, बुटकी पट्टी घ्या. तिथे उंचीच नाही. कंडेन्स्ड अक्षर मोठं करता येणार नाही, मग डावीउजवीकडे ओसाड जागा उरेल. अशा पट्टीला नेहमीच्या रुंदीचं किंवा चक्क रुंद अक्षर लावा.

मराठीला इथे एक खास गरज आहे. आपल्या भाषेत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे 'विद्यार्थ्यांसाठीच्या' किंवा 'व्यवस्थापनाविषयीचे' असे लांब शब्द मथळ्यात सहज येतात. ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर हे शब्द मोठ्या आकारात बसत नाहीत आणि मधे तोडलेले चांगले दिसत नाहीत. मथळ्यातला सर्वांत लांब शब्द शोधा. तो एका ओळीत ज्या आकाराला मावेल, तोच तुमच्या मथळ्याचा कमाल आकार. हा आकार नेहमीच्या फॉन्टमध्ये फारच लहान येत असेल, तेव्हा अरुंद फॉन्टचा मुद्दा पक्का झाला.

परिच्छेद, औषधाच्या सूचना, अर्ज, तळटीपा, चित्राखालच्या ओळी यांना हा फॉन्ट लावू नका. अरुंद अक्षरांतला मोठा मजकूर वाचायची गती मंदावते, आणि ज्यांची नजर अधू आहे त्यांना तर अक्षरं एकमेकांत मिसळलेली दिसतात.

चित्रपटाच्या पोस्टरच्या तळाशी दिसणारी श्रेयनामावली हा मजेशीर अपवाद आहे. अनेक करारांत नावाची उंची शीर्षकाच्या उंचीच्या प्रमाणात ठरलेली असते. रुंदीबद्दल अट नसते. म्हणून अक्षरं उंच ठेवून इतकी चेपली जातात की वाचणं मुश्कील. तिथे वाचकापेक्षा करार महत्त्वाचा असतो, त्यामुळे तो नमुना उचलू नका.

पायरी २: किती अरुंद हवं ते ठरवा

फॉन्टच्या दुनियेत रुंदीचे नऊ दर्जे मानलेले आहेत. नेहमीची रुंदी म्हणजे १०० टक्के. त्याखाली सेमी-कंडेन्स्ड ८७.५, कंडेन्स्ड ७५, एक्स्ट्रा-कंडेन्स्ड ६२.५ आणि अल्ट्रा-कंडेन्स्ड ५० टक्के. हे आकडे त्या त्या घराण्यापुरतेच खरे. एकाचा ७५ टक्के दुसऱ्याच्या ८५ टक्क्यांएवढा असू शकतो, तेव्हा नावावर न जाता दोन्ही फॉन्टमध्ये तोच शब्द लावून पट्टीने मोजा.

एड्रियन फ्रुटिगर यांच्या १९५७ च्या 'युनिव्हर्स'मध्ये नावांऐवजी आकडे आहेत आणि ते समजले की रुंदीचा विचार आपोआप नीट होतो. पहिला आकडा जाडीचा, दुसरा रुंदीचा: ५५ म्हणजे नेहमीचा, ५७ म्हणजे तोच अरुंद, ५९ म्हणजे अतिअरुंद, ६७ म्हणजे जाड आणि अरुंद. जाडी आणि रुंदी या दोन वेगळ्या चाव्या आहेत हे त्यातून लगेच दिसतं. निवडताना एका वेळी एकच चावी फिरवा.

माझा अनुभव असा की ७५ टक्क्यांपर्यंत वाचकाच्या लक्षातही येत नाही. मथळा नुसता नीटस वाटतो. ६० च्या आसपास अक्षर स्वतःकडे लक्ष ओढायला लागतं. ५० च्या खाली ते अक्षर कमी आणि नक्षी जास्त. दोनतीन शब्दांच्या पोस्टरला ते शोभतं, आठ शब्दांच्या मथळ्याला नाही.

पायरी ३: स्वभाव ओळखा

इथे घाई करू नका. सगळे अरुंद फॉन्ट लांबून सारखे वाटतात आणि जवळून अजिबात सारखे नसतात.

आधी बाजू पाहा. लॅटिन 'ओ' अरुंद करताना रचनाकारापुढे दोन वाटा असतात: अंडाकृती ठेवायचा, की दोन्ही बाजू सरळ भिंतींसारख्या करून फक्त वरखाली वळण द्यायचं. सरळ बाजूंच्या 'ओ'मुळे सगळी अक्षरं एकसारख्या उभ्या दांड्यांची होतात आणि ओळीला कवायतीसारखी लय येते. आवाज करडा, ठाम, बातमीच्या मथळ्याचा. अंडाकृती 'ओ' ठेवणारे फॉन्ट मऊ, थोडे जुन्या वळणाचे वाटतात.

मग आतली पोकळी. जाड आणि अरुंद या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की पोकळीच्या जागी चिरा उरतात. 'इम्पॅक्ट'मध्ये हेच होतं: काळा भाग जास्त, पांढरा कमी. दोन शब्दांत ते धडाकेबाज दिसतं, दोन ओळींत डोळ्यांवर येतं. लांब मथळ्यासाठी एक पायरी कमी जाडीचा फॉन्ट निवडा; उंचीमुळे जोर तसाही मिळतोच.

तिसरी गोष्ट टोकांची. 'सी', 'एस', 'ई' या अक्षरांची टोकं आत वळून तोंड बंद करत आणतात का? अशी बंद तोंडं घट्ट आणि देखणी दिसतात, पण लांबून 'सी' आणि 'ओ' यांत गोंधळ होतो. रस्त्यावरच्या किंवा स्थानकावरच्या फलकासाठी उघड्या तोंडाचा फॉन्ट घ्या. जर्मनीच्या 'डीआयएन १४५१' मानकात यासाठी मध्यम आणि अरुंद अशी वेगवेगळी अक्षरं आहेत. अरुंद रूप लांब नावं फलकात बसवण्यासाठी. चांगला संकेत आहे: आधी मध्यम, गरज पडली तरच अरुंद.

चौथी गोष्ट जाड-बारीक रेघांतल्या फरकाची. सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या असतील तर फॉन्ट कामकाजी वाटतो. उभे दांडे जाड आणि आडव्या रेघा केसासारख्या असतील, जसं १९३७ च्या 'ऑनिक्स'मध्ये आहे, तर तोच अरुंदपणा ऐटबाज होतो. फॅशनची मासिकं, नाटकांची पोस्टरं. पण त्या केसासारख्या रेघा लहान आकारात आणि छायाचित्रावर गायब होतात. फोटोवर मथळा टाकायचा असेल तर हा प्रकार बाजूला ठेवा.

एक चाचणी लॅटिन फॉन्टला नेहमी लावा: 'एम' आणि 'डब्ल्यू'. ही मूळची रुंद अक्षरं. बाकीच्यांच्या मापात कोंबल्यामुळे ती काळवंडली आहेत का? ज्या फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं शेजाऱ्यांइतक्याच करड्या छटेची दिसतात, त्याच्या रचनाकाराने मेहनत घेतली आहे असं समजा.

पायरी ४: देवनागरी अरुंद करताना काय घडतं

लॅटिनमध्ये जे सोपं आहे ते आपल्या लिपीत अवघड होतं. कॅपिटल अक्षरं सगळी एका उंचीची, वर-खाली काही लोंबत नाही, म्हणून त्यांच्या ओळी एकमेकींना चिकटवून विटांसारखा ठोकळा रचता येतो. देवनागरीत कॅपिटल नाहीत. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार; खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटं. ठोकळा जमत नाही, आणि जमवायचा हट्टही धरू नये.

दुसरा पेच उभ्या दंडांचा. त, न, म, स, प, ग, व या सगळ्यांना उभा दंड आहे, आणि आकाराचा काना म्हणजे आणखी एक दंड. 'समाजातला' हा शब्द अरुंद फॉन्टमध्ये लावून पाहा: उभ्या काठ्यांचं कुंपण दिसेल. उलट ट, ठ, ड, द, ह, र, ळ यांना पूर्ण दंड नाही. त्यांची गोलाई शिरोरेखेखाली छोट्या मानेने टांगलेली असते. अरुंद केल्यावर ही गोलाई चपटी होते आणि शेजारच्या दंडाळ अक्षरांसमोर अंग चोरून बसल्यासारखी दिसते. चांगल्या फॉन्टमध्ये ट आणि ठ यांना पुरेशी रुंदी ठेवलेली असते, आणि दंडाळ अक्षरांमधलं अंतर अक्षराच्या आतल्या पोकळीशी जुळतं.

तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर पेच जवळच्या जोड्यांचा: व-ब, प-ष, घ-ध, भ-म, थ-य. यांतला फरक एका छोट्या रेघेवर, गाठीवर किंवा शिरोरेखेतल्या फटीवर अवलंबून असतो. अरुंद आणि जाड केलं की ही फट बुजते आणि 'धन'चं 'घन' होतं.

हाताशी असलेले पर्याय थोडक्यात. इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा 'तेको' (२०१४) चौकोनी, सरळ बाजूंचा; पाच जाडींत मिळतो; आकडे आणि खेळाच्या निकालांना फार शोभतो. त्याच फाउंड्रीचा 'खंड' जास्त मोकळ्या पोकळीचा, म्हणून लांब मथळ्याला मी आधी तो लावून पाहतो. 'प्रगती नॅरो' शांत स्वभावाचा; डिस्प्लेपेक्षा उपमथळ्यांना बरा. 'एक टाइप' या फाउंड्रीचा 'अनेक देवनागरी' व्हेरिएबल आहे: रुंदी ७५ ते १२५ टक्के आणि जाडी १०० ते ८०० यांत कुठेही थांबवता येते. 'नोटो सॅन्स देवनागरी' ६२.५ टक्क्यांपर्यंत उतरतो, पण त्याचा पिंड वाचनाच्या मजकुराचा. मथळ्यात तो नीट दिसतो, उठून दिसत नाही.

एक गोष्ट कधीच करू नका: साधा फॉन्ट घेऊन तो सॉफ्टवेअरमध्ये आडवा दाबणं. ६० टक्के रुंदीपर्यंत दाबलं की १० एककांचा उभा दंड ६ एककांचा होतो, पण शिरोरेखा १० चीच राहते. म्हणजे डोकं जड आणि अंग काटकुळं. लॅटिनमध्येही हीच गडबड होते, पण देवनागरीत शिरोरेखा सलग असल्याने ती पहिल्याच नजरेत दिसते. खऱ्या अरुंद फॉन्टमध्ये दंडाची जाडी राखून फक्त पोकळी कमी केलेली असते.

पायरी ५: शब्द लावून तपासा

विक्रीच्या पानावरचे नमुने फॉन्टला शोभणारेच निवडलेले असतात. तुमचे स्वतःचे कसोटीचे शब्द ठेवा. माझ्या यादीत हे असतात:

- 'वर्षांनी' आणि 'मूर्तींची': रफार, अनुस्वार, वेलांटी एकमेकांवर चढतात का?
- 'द्वंद्व', 'शुद्ध', 'षट्कोन', 'लक्ष्मी': जोडाक्षरं लहान होऊन काळी पडतात का?
- 'ऱ्हस्व', 'दऱ्याखोऱ्या': मराठीचा हा अर्धा र फॉन्टमध्ये आहे का? नसलेले फॉन्ट भेटतात.
- 'बघवत', 'भयभीत', 'थयथयाट': जवळच्या जोड्या वेगळ्या वाचता येतात का?
- १११, ५८३, ६९०: आकड्यांची रुंदी सारखी आहे का?

ल, श आणि काही आकडे मराठीत वेगळ्या वळणाने लिहिले जातात. बऱ्याच फॉन्टमध्ये ही रूपं आत दडलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी ठरवल्यावरच बाहेर येतात. वेबपानावर भाषेचा संकेत 'एमआर' द्या. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाची भाषा मराठी निवडा.

हे शब्द ठरलेल्या आकारात लावून पडद्यापासून तीनचार पावलं मागे जा. मग डोळे किलकिले करा. जिथे काळा डाग दिसेल, तिथे अडचण आहे.

पायरी ६: अंतरं जुळवा

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, लॅटिनमध्ये आकारानुसार बदलतं. १०० पिक्सेलच्या वर मी ते अक्षराच्या आकाराच्या हजारांशात उणे ५ ते उणे १५ करतो; ३० पिक्सेलच्या आसपास उलट अधिक २० ते ४०. कारण सरळ आहे: अरुंद अक्षराची पोकळी लहान, म्हणून दोन अक्षरांमधली फटही लहान लागते, पण आकार उतरला की ती फट डोळ्याला दिसेनाशी होते.

देवनागरीत ट्रॅकिंग शून्य ठेवा. अंतर वाढवलं तर शिरोरेखा तुटते, कमी केलं तर दंड एकमेकांवर चढतात. शब्द दाट वाटत असेल तर ट्रॅकिंगला हात न लावता रुंदी एक पायरी वाढवा किंवा जाडी एक पायरी उतरवा.

शब्दांमधली जागा बऱ्याच अरुंद फॉन्टमध्ये गरजेपेक्षा मोठी असते. मोठ्या मथळ्यात ती थोडी घटवा. अंदाज असा: दोन शब्दांमध्ये त्या फॉन्टचा 'आय' हे एकदांडी अक्षर मोकळेपणाने उभा राहील इतकी जागा पुरे.

ओळींच्या अंतरात दोन लिपी पार वेगळ्या वागतात. लॅटिन कॅपिटलची उंची साधारण आकाराच्या ०.७ पट असते, म्हणून ओळीची उंची ०.९ ठेवली तरी मधे ०.२ पट फट उरते. ही फट दांड्याच्या जाडीच्या जवळपास आली की ओळी एकसंध दिसतात. देवनागरीत १.१५ पासून सुरुवात करा आणि १.३ पर्यंत जायची तयारी ठेवा. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी नेमकी एकाखाली एक आली तर आकड्यांनी काम भागत नाही. ओळ दुसऱ्या शब्दाशी तोडा. मथळा लिहिणारा आणि मांडणारा वेगळे असतील तर या टप्प्यावर दोघांनी बोलणं गरजेचं असतं, कारण कधी कधी एक शब्द बदलला की सगळं सुटतं.

पायरी ७: जोडीदार निवडा

अरुंद मथळ्याखाली अरुंद मजकूर नको. मजकुराला नेहमीच्या रुंदीचा, मोकळ्या पोकळीचा फॉन्ट द्या. आकारातला फरकही ठसठशीत ठेवा. मथळा मजकुराच्या किमान अडीचपट. दीडपट ठेवला तर चुकून लागल्यासारखा दिसतो. एकाच घराण्यातला अरुंद आणि साधा फॉन्ट घेणं सुरक्षित, फक्त जरा बेचव.

मराठी आणि इंग्रजी एकाच मथळ्यात येत असतील तर कॅपिटल अक्षरं शिरोरेखेच्या वर डोकावतात आणि शेजारच्या मराठी शब्दाला बुटकं करतात. लॅटिन शब्दाचा आकार थोडा उतरवा आणि दांड्यांची जाडी डोळ्यांनी जुळवा. आकार उतरल्यावर दांडा बारीक होतो, तेव्हा बहुधा एक पायरी जाड रूप लागतं.

पायरी ८: वेबवर लावताना

सर्वांत जास्त दिसणारा दोष खोट्या जाडीचा. ब्राउझर मथळ्याला आपणहून जाड करतो. 'बेबास नॉय' आणि 'अँटन' हे गूगल फॉन्ट्सवर एकाच जाडीत मिळतात. जाड रूप नसल्याने ब्राउझर स्वतःच रेघा फुगवतो, आणि अरुंद अक्षराच्या चिराएवढ्या पोकळ्या बुजतात. मथळ्याची जाडी ४००, म्हणजे साधी, लिहा किंवा फॉन्टचं कृत्रिम रूप तयार करणं बंद करा. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, त्यासाठी 'फॉन्ट-सिंथेसिस' आहे.

'फॉन्ट-स्ट्रेच' हा गुणधर्म फॉन्ट दाबत नाही. घराण्यात असलेल्या रुंदींपैकी जवळची निवडतो, एवढंच. व्हेरिएबल फॉन्ट असेल तर फॉन्ट जोडतानाच त्याची रुंदीची मर्यादा सांगावी लागते, उदाहरणार्थ ७५ ते १२५ टक्के. नाहीतर मधल्या रुंदी मिळत नाहीत. व्हेरिएबल फॉन्टची सोय सप्टेंबर २०१६ मध्ये ओपनटाइप या फॉन्टच्या मानकाच्या १.८ आवृत्तीत आली. तिचा मथळ्यासाठी झकास उपयोग असा: मोठ्या पडद्यावर १०० टक्के रुंदी आणि मोबाइलवर ७५, अक्षराची उंची जवळपास तीच. दुसऱ्या कोणत्या फॉन्टची फाइल लागत नाही.

फॉन्ट उतरेपर्यंत पानावर पर्यायी फॉन्ट दिसतो. तो साध्या रुंदीचा असेल तर एका ओळीचा मथळा दोन ओळींत जातो, खरा फॉन्ट आला की परत एका ओळीत येतो, आणि खालचा सगळा मजकूर हलतो. लॅटिनसाठी पर्यायांत आधी 'एरियल नॅरो' लिहा. देवनागरीसाठी संगणकावर अरुंद पर्याय मिळेलच असं नाही, म्हणून पर्यायी फॉन्टला सीएसएसमधल्या 'साइझ-ॲडजस्ट'ने लहान करा किंवा मथळ्याच्या जागेची किमान उंची आधीच राखून ठेवा. फाइल छोटी करायला फॉन्टमधली अक्षरं गाळत असाल तर जोडाक्षरांचे नियम शाबूत राहिलेत का ते पायरी ५ च्या शब्दांवर पुन्हा तपासा.

पायरी ९: छपाई आणि फलक

शोषून घेणाऱ्या कागदावर शाई पसरते. पांढऱ्यावर काळं अक्षर छापलं तर ते जरा जाड होतं, काळ्यावर पांढरं सोडलं तर बारीक होतं आणि अरुंद पोकळ्यांशेजारच्या पांढऱ्या रेघा आधी बुजतात. उलट्या रंगात छापताना एक पायरी जाड रूप घ्या, ट्रॅकिंग लॅटिनमध्ये किंचित वाढवा, आणि चार रंगांच्या मिश्रणातून काळं बनवायचं टाळा; छपाईच्या प्लेट जराशा सरकल्या तरी पांढऱ्या रेघेला रंगीत कड येते.

फलकाचा नमुना टेबलावर पाहून मंजूर करू नका. प्रमाण धरून पाहा: २ मीटर रुंदीचा फलक ३० मीटरवरून वाचला जाणार असेल, तर त्याची २० सेंटिमीटरची छापील प्रत भिंतीवर लावून ३ मीटरवरून वाचा. डोळ्यावर पडणारा आकार दोन्हीकडे तोच असतो. मजकूर ज्याने आधी वाचलेला नाही अशा माणसाला बोलवा, कारण तुम्हाला शब्द पाठ असतात. तो अडखळला तर कोणत्या अक्षरावर अडखळला ते विचारा. उत्तर बहुधा एखादं जोडाक्षर किंवा भ-म सारखी जोडी असतं. मग आधी रुंदी १० टक्क्यांनी वाढवून आणि आकार तितकाच उतरवून पाहा. तरी जमत नसेल तर जाडी उतरवा. त्यानेही भागलं नाही तर मथळ्यातला तो शब्दच बदला.